वरण शिजेपर्यंत उपकारस्तुती

कार्यक्रमाच्या आधी

गोपालनं डाळीचा गंज, म्हणजे पंगतीचं मोठं पातेलं, बोअरच्या पाण्यानं भरला होता. हे उघडकीला आलं तेव्हा मांडवात निम्मे पाहुणे येऊन बसले होते. अंगणातल्या चुलीवर तूरडाळ सकाळपासून उकळ्या घेत होती, पण मऊ व्हायचं नाव घेत नव्हती.

शेजारच्या सिंधूताईंनी पळीत चार दाणे काढले, बोटानं दाबले, मग दाताखाली धरले.

"जयमाला, हे वरण नाही व माय. हे छर्रे हायेत."

"सोडा टाकला ना?"

"टाकला. काई फरक नाही."

जयमालानं पळीतलं पाणी जिभेवर घेतलं आणि वळून दिराकडे पाहिलं.

"भाऊजी, पाणी कुठलं घेतलं?"

"बोअरचं. एकदम स्वच्छ होतं, वहिनी," गोपाल म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

वरवट बकालच्या जमिनीतलं पाणी खारं आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो, डाळ शिजत नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी कॅनमधून विकत येतं, आणि हे इथल्या रांगत्या लेकरालाही कळतं. गोपालही इथलाच. पण बुलढाण्याच्या कचेरीत नोकरी लागल्यापासून तो वर घाटावर राहत होता, तिथं नळ उघडला की गोड पाणी येतं. गावचं पाणी तो पार विसरून गेला होता. गोड पाण्याच्या कॅन मागच्या ओट्यावर ओळीनं झाकून ठेवलेल्या तशाच होत्या.

"आता?" जयमालाचा नवरा प्रेम म्हणाला. तो एरवीही एका शब्दापेक्षा जास्त बोलत नसे.

"आता काय? पानी फेका, गोडं पानी टाका, आन बसा वाट पाहत," सिंधूताई म्हणाल्या. "खाऱ्या पान्यात उकळेल डाळ हाय, लय वेळ खाईन."

ओसरीवरून शालूबाईंनी हाक दिली. "काय झालं वं?"

"काही नाही, आई."

"काई नाही तं चारही जनं गंजाभोवती काऊन उभे हा?"

जयमालानं जवळ जाऊन सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, गोपालकडे एकदा पाहिलं, आणि पदर सारखा केला.

"मंग सभा लांबवा," त्या म्हणाल्या. "उपाशी कोनाले जाऊ देनार नाही मी."


सभा कशासाठी

खरं म्हणजे हाच प्रश्न होता.

इतर ख्रिस्ती घरांत आधी काहीतरी चांगलं घडतं. नोकरी लागते, बाळंतीण सुखरूप सुटते, ऑपरेशन पार पडतं. मग घरचे उपकारस्तुतीची सभा ठेवतात, पाळकांना बोलावतात, घरातलं कुणीतरी उभं राहून साक्ष देतं की देवानं आमच्यासाठी अमुक केलं, आणि मग पंगत बसते. प्रेमच्या आजोबांनी, याकोबबुवांनी, हे उलटं करून ठेवलं होतं. ईस्टरच्या उपासनेत उभं राहून ते दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार आधीच जाहीर करत. कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणत, "तोवर सापडते काहीतरी."

आणि सापडायचं. एका साली विहिरीला गोडसर झरा लागला. एका साली त्यांचा मुलगा इंद्रभान मॅट्रिक झाला. एका साली शनिवार तोंडावर आला तरी काहीच नव्हतं, तर हरवलेली म्हैस आदल्या दिवशी आपल्या पायांनी परत आली. त्या म्हशीच्या नावानं मंडळीसकट अर्धं गाव जेवलं, आणि म्हैस पुढं कैक वर्षं 'उपकारी' या नावानं ओळखली गेली.

याकोबबुवांमागं इंद्रभान उभे राहू लागले. यंदा ईस्टरला शालूबाई उभ्या राहिल्या, कारण त्याआधीच्या हिवाळ्यात इंद्रभान, घरातल्या सगळ्यांचे बाबूजी, गेले होते. किडन्या. या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात ते कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तारीख जाहीर झाली आणि मग वर्ष सुरू झालं. जयमाला शिकवत होती ती विनाअनुदानित शाळा बंद पडली. तिच्या लेकीचं, छकुलीचं, जुळलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. सोयाबीन काढणीला आलं, तेव्हा आठवडाभर पाऊस असा बसला की दाण्यांना शेंगेतच कोंब फुटले.

शनिवार आला. कारण आलं नाही.


ग्रुपचं नाव: तायडे परिवार

योगिनी (गोपालची बायको): आई, यंदाची सभा रद्द केली तर? लोक विचारतील काय सांगायचं.

गोपाल: (अंगठा)

योगिनी: हा अंगठा मला की आईंना?

गोपाल: (पुन्हा अंगठा)

छकुली: मी ड्रेस शिवायला टाकलाय पण. रद्द करायचं तर आधी सांगायचं ना काकू.

प्रेम: (वाचलं)

शालूबाई (बोलून पाठवलेलं, छकुलीनं लिहून काढलं): देवाले तारीख देली हाय. त्याच्याकडून काई आलं नाही म्हनून आपन बी नाही म्हनायचं का? साक्ष जयमाला देईन. पोरी, हे समदं लिहू नोको, एवढंच लिही की साक्ष जयमाला देईन.

जयमाला: (वाचलं)


प्रारंभीची प्रार्थना

पास्टर प्रसेनजित शेगावहून मोटरसायकलवर आले होते. नवे होते, तरुण होते, आणि त्यांना संध्याकाळी शेगावात दुसरी सभा होती. त्यांनी डोळे मिटून, हात किंचित वर करून, स्वच्छ छापील मराठीत सुरुवात केली. हे दयाळू स्वर्गीय पित्या.

जयमालानंही डोळे मिटले. आणि नेहमीसारखं तिच्या आत काहीच झालं नाही.

हे कधीपासून चाललंय ते तिला सांगता आलं नसतं. शाळेला कुलूप लागलं तेव्हापासून की त्याच्याही आधीपासून. भांडण नव्हतं, राग नव्हता. रोज दिवेलागणीला घरची प्रार्थना व्हायची, बाबूजी गेल्यापासून ती तीच चालवायची, आणि शब्द आपोआप बाहेर पडायचे, जसे तिसरीच्या पोरांचे पाढे पडतात. सतरा एके सतरा. ऐकणारं कुणी आहे असं वाटायचं थांबलं होतं. घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. घराला वाटायचं, सगळे डगमगले तरी जयमाला आहे.

आणि आज साक्ष.

तायड्यांच्या घरात साक्षीला एक नेम होता. बाबूजी चहाच्या टपरीवर आपल्या कपाशीबद्दल वाटेल ते ठोकून द्यायचे, अंगणातल्या पेरूचं वजन दरवेळी वाढवून सांगायचे. पण साक्षीला उभे राहिले की एक अक्षर इकडचं तिकडे करायचे नाहीत. म्हशीच्या वेळीसुद्धा त्यांच्या वडिलांनी देवानं म्हैस परत आणली असं म्हटलं नव्हतं. म्हैस परत आली आणि आम्हाला आनंद झाला, एवढंच म्हटलं होतं.

उभी राहून गोड गोड बोलले, तर तो नेम मोडतो. खरं बोलले, तर बाबूजींच्या मागं पहिल्याच वर्षी सासूबाईंची मान खाली जाते, सगळ्या मंडळीपुढं आणि सगळ्या गावापुढं. जयमाला मिटल्या डोळ्यांनी हेच उलटसुलट करत बसली. पास्टर 'आमेन' म्हणाले तेव्हा सगळ्यांबरोबर तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.


पाहुणे येतच आहेत

गावानं आपला हिशोब मांडला होता. इतकं वाईट वर्ष असून शालूबाई सभा रद्द करत नाहीत, म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं घडलं आहे आणि घरचे दडवून ठेवताहेत.

सिंधूताईंचे यजमान पंजाबराव मांडवात शिरले ते साडीचा खोका घेऊनच. तो त्यांनी छकुलीच्या हातात ठेवला.

"घे पोरी. कुठचा हाय पाहुणा?"

"कुठला पाहुणा, काका?"

"लाजते कायले. नवरदेव."

"माहीत नाही काका. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

एक बाई जयमालाला सरकारी शाळेत घेतलं म्हणून पेढे घेऊन आल्या. योगिनीला एकीनं बाजूला नेऊन, कितवा महिना म्हणून हळूच विचारलं. योगिनीचं थोरलं पोर दहावीला होतं. ती तरातरा चुलीपाशी आली.

"ताई, मी म्हटलं होतं की नाही रद्द करा? आता बघा. मला कुंची दिली त्यांनी. लोकरीची."

"रंग कोणता आहे?" जयमालानं विचारलं.

योगिनीनं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग तिला हसू फुटलं, आणि दोघी जावा गंजाच्या वाफेत तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. ते आवरल्यावर योगिनी गंभीर झाली.

"साक्षीत काय सांगणार आहात?"

"बघू."

"माझं ऐका. सामान्य काहीतरी बोला. प्रभूनं सांभाळलं, प्रभू सांभाळील. कुणी खोलात शिरत नाही."

जयमाला डाळ ढवळत राहिली. दाणा अजून अख्खा होता.


गीत

पेटी, ढोलकी, टाळ.


गीत

शालूबाईंनी गंजाकडे पाहिलं, तर गोपालनं चुलीपासून पंजा आडवा हलवला. नाही.


गीत (हे कार्यक्रमात नव्हतं)

पंजा पुन्हा आडवा. पेटीवाल्याला तीनच गाणी नीट येत होती आणि ती संपली होती. शालूबाईंनी ओसरीच्या खांबाला टेकून धाकट्या सुनेकडे पाहिलं.

"योगिनी, माहेरी तू गात होतीस ना व, चर्चात?"

"आई, ते लहानपणी."

"आता कुठं म्हातारी झाली? तुले तं कुंची भेटली म्हने."

मांडवात हसू पसरलं. सभा रद्द करा म्हणून ग्रुपवर तीन दिवस झगडलेली योगिनी उठली, पेटीवाल्याशेजारी जाऊन बसली, आणि तिनं वरच्या पट्टीत असं काही सुरू केलं की ढोलकीवाला सरळ होऊन बसला. दोन कडव्यांनंतर मागच्या रांगेतले पंजाबरावही टाळ्या वाजवू लागले. गाणं संपल्यावर ती थांबलीच नाही. दुसरं धरलं, मग तिसरं. पास्टर प्रसेनजित घड्याळाकडे पाहत, तेव्हा ती मुद्दाम ध्रुवपद आणखी एकदा घ्यायची. गोपाल आपली बायको अशी गाते हे विसरला होता की त्याला कधी माहीतच नव्हतं, कोण जाणे. पंजा आडवा हलवायचंही त्याला सुचेना.


शास्त्रवाचन आणि उपदेश

उपदेश लांबवा, असं शालूबाईंनी पास्टरना स्वच्छ सांगितलं. "वरन शिजलं नाही, साहेब. थोडं ताना."

नव्या पाळकाला असं आजवर कुणी सांगितलं नसावं. ते आनंदानं बोलले, पुष्कळ बोलले, आणि शेवटी त्यांच्याकडचंही संपलं.

गोपालचा पंजा: आडवा.

"आता साक्ष," शालूबाई म्हणाल्या.


साक्ष

जयमाला उठली. हाताला धुराचा वास होता, साडीच्या काठाला राख. समोर मंडळी, मागं गावची माणसं, मांडवाच्या अगदी टोकाला खांब धरून प्रेम. छकुली मोबाइल उभा धरून चित्रण करत होती. जयमालानं तिला खुणेनं तो खाली ठेवायला सांगितला.

"जय ख्रिस्त," ती म्हणाली.

"जय ख्रिस्त," मांडव म्हणाला.

"दरवर्षी इथं बाबूजी उभे राहायचे. यंदा मी आहे. तुम्ही पेढे आणले, साडी आणली. आमच्या योगिनीला कुंची मिळाली. पण मला नोकरी लागलेली नाही. छकुलीचं ठरलेलं नाही. योगिनीचंही काही नाही."

हसणं झालं. ती थांबली. इथं बसता आलं असतं. योगिनी पेटीमागून मानेनं हो हो करत होती, बसा आता, छान झालं.

"आणखी एक सांगायचंय," जयमाला म्हणाली. "बरेच दिवस झाले, मी प्रार्थना करते ती वरवरची आहे. तोंड चालतं, मी त्यात नसते. समोर कुणी आहे असं मला वाटत नाही. पूर्वी वाटायचं. मला ते आवडायचं, वाटायचं तेव्हा."

बाहेर चुलीत लाकूड तडकलं.

"तरी मी रोज दिवेलागणीला बसते. का बसते, तर आई बसतात. छकुली बसते. हे बसतात. ज्या दिवशी मी उठून जाईन त्या दिवशी त्यांना काय वाटेल, म्हणून बसते. याला विश्वास म्हणतात का, मला ठाऊक नाही. म्हणत नसतील तर तसं. पण साक्षीला उभं राहून मी दुसरं काही सांगू शकत नाही. उपकार मानायला मी आज काहीच आणलेलं नाही. रिकाम्या हातानं आले आहे." तिनं चुलीकडे पाहिलं. "वरण अजून शिजलेलं नाही. कृपा करून कुणी उठू नका."

ती बसली.

साक्षीनंतर मंडळी हालेलुया म्हणते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं 'हाले' एवढं म्हटलं आणि बाकीचं गिळलं. पास्टर प्रसेनजित हातातलं पवित्र शास्त्र उघडून पुन्हा मिटू लागले. जयमाला सासूबाईंकडे पाहू शकली नाही. ती सतरंजीकडे पाहत होती, आणि तिला शालूबाईंचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच, भाकरी कुणाला हवी असं विचारावं तसा.

"साक्ष झाली. आता इच्यासाठी प्रार्थना कोन करते?"

साक्ष देणाऱ्यासाठी घरातल्यानंच कुणीतरी प्रार्थना करायची, ही रीत. इतकी वर्षं बाबूजींच्या साक्षीनंतर ती जयमाला करायची. तिच्यासाठी कुणी करावी, ही वेळ कधी आलीच नव्हती. योगिनीनं पेटीच्या पट्ट्यांकडे नजर वळवली. गोपाल तत्परतेनं डाळ पाहायला गेला. छकुलीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मांडवाच्या टोकाकडून खाकरल्याचा आवाज आला.

"म्या करतो," प्रेम म्हणाला.


मध्यस्थीची प्रार्थना

प्रेमला चारचौघांत प्रार्थना करताना कुणी ऐकलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो भिंतीला टेकून डोळे मिटायचा, आणि घरातले धरून चालत की तो झोपतो. त्याला पाळकांची भाषा येत नव्हती. तो खांब न सोडताच बोलू लागला.

"बापा," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"बापा, मले हे जमत नाही. हे माही बायकोच करत होती आतालोक. आज ते म्हनते की तू दिसत नाही तिले. तिनं खरंच सांगतलं असन, ते खोटं बोलत नाही, तुले मालूम हाय. मले तं तू आधीबी कई दिसला नाहीस. म्या इच्याकडे पाहून बसत होतो. डोये मिटले तरी आवाज यायचा इचा. म्या म्हनो, इचं चालू हाय ना, म्हंजे आपलं बी चालू हाय."

जयमालाचे डोळे मिटलेले होते. ते तसेच ठेवायला आता जोर लावावा लागत होता.

"तं आता इचं बंद पडलं, तं म्या म्हनलं, आज आपन बोलाव. हे रोज बसते. ते सोपं नाही, बापा. तू पाह्य जरा इच्याकडे. लय थकली हाय. शाळेतल्या पोट्ट्यायची आठवन येते इले, सांगत नाही कोनाले. बाबूजी तिकडे तुह्यापाशी हायेत, त्यायले सांग का बोअर अजून खारीच हाय. आन गोपालवर रागावू नोको, त्याच्या ध्यानात नाही राह्यलं. छकुलीले चांगलं मानूस भेटू दे, घाई नाही. सोयाबीनचं काय बोलू, ते तू पाह्यलंच. बैलायचं बरं हाय. आन..."

तो थांबला. मांडवातली सगळी डोकी खाली झुकलेली होती. पंजाबरावांनीही डोळे गच्च मिटून घेतले होते, कारण आजूबाजूच्या सगळ्यांनी मिटले होते.

"आन..." प्रेम म्हणाला.

तेव्हा जयमालाच्या लक्षात आलं. त्याला प्रार्थना संपवता येत नव्हती. येशूच्या नावानं मागतो, असं काहीतरी शेवटी म्हणतात, ते त्यानं आयुष्यभर रोज ऐकलं होतं आणि आता एक शब्द आठवत नव्हता. तो माडीच्या शिडीवर अर्ध्यात अडकलेल्या माणसासारखा उभा राहिला असणार, घाम पुसत, खांब घट्ट धरून. त्यानं संपवल्याशिवाय कुणी डोळे उघडणार नव्हतं.

"आन बैलायचं सांगतलं म्या," प्रेम हळू आवाजात देवाला म्हणाला. "आन..."

तिला हसू यायला लागलं. ते पोटातून वर आलं, घशापाशी आलं आणि तिथं त्याचं दुसरंच काही झालं. नाकातून पाणी वाहायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं की हा माणूस कुणाशी तरी बोलतोय, आणि ज्याच्याशी बोलतोय तो ऐकायला थांबला आहे, त्यालाही घाई नाही. ते किती वेळ टिकेल याचा तिनं विचार केला नाही. नवरा तिकडे अडकला होता आणि त्याला उतरवायला हवं होतं.

"आमेन," जयमाला म्हणाली.

आवाज फाटका निघाला, जेमतेम तिच्याच कानापर्यंत गेला. मांडव तसाच खाली मान घालून थांबलेला. शेजारून शालूबाईंनी डोळे न उघडता तिला कोपरानं ढोसलं.

"जोरात म्हन वं," त्या पुटपुटल्या. "त्याले तिथलोक ऐकू गेलं पाह्यजे."

जयमालानं पदरानं नाक पुसलं, छाती भरून श्वास घेतला, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायच्या आवाजात पुन्हा म्हटलं.